मेरिडाचा मोरपंखी झगा शिवतेय – बाहीत हात वर जात नाही, मदत हवी

सातारी_दोरा
नमस्कार मंडळी. 'ब्रेव्ह' (2012) या ॲनिमेशन सिनेमातल्या तिरंदाज राजकन्येचे, मेरिडाचे, दोन पोशाख शिवायला घेतलेत. जानेवारीत पुण्यात पोशाखांचा एक मेळावा आहे, तिथे घालायचे आहेत. पण खरं सांगायचं तर मेळावा नसता तरी शिवले असते. सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नववीत होते, तेव्हापासून हे मनात आहे.

पहिला तिचा रोजचा झगा. गर्द मोरपंखी रंग, निळा म्हणावा तर हिरवा वाटतो. खांद्यावर आणि कोपरावर चिरा, त्यातून आतला पांढरा सदरा फुगून बाहेर आलेला. कमरेला चामड्याचा पट्टा, पाठीवर भाता. दुसरा तिरंदाजीच्या स्पर्धेचा, आईने बळेच घालायला लावलेला: फिका निळा, चकचकीत, सोनेरी काठ, अंगाला आवळलेला, आणि सगळे केस झाकणारी पांढरी टोपी. त्यात तिला श्वाससुद्धा घेता येत नाही. धनुष्य ओढायची वेळ येते तेव्हा ती तो झगा शिवणीवर टराटरा उसवते आणि मगच नेम धरते.

माझ्या मते अख्खी गोष्ट या दोन झग्यांतच आहे. एकात धनुष्य ओढता येतं, दुसऱ्यात येत नाही. म्हणून माझी अट अशी: पहिला घालून मला खरंच धनुष्य ओढता आलं पाहिजे आणि दुसरा खरंच उसवला पाहिजे. तयार मिळतात ते झगे नकोत. त्यांच्यावर नाडीसुद्धा छापलेली असते.

आता अडचण. मांजरपाटावर नमुना शिवून पाहिला. बाही सिनेमातल्यासारखी अंगासरशी ठेवली. हात वर केला की सगळा झगा वर येतो, पट्टा बरगड्यांवर चढतो. मुंढा (बाही जोडायचा गोल काप) दीड इंच खाली उतरवला, तर आणखीच बिघडलं. असं का होतंय?

कृष्णामाई
वा! मेरिडा माझ्या लेकीची फार आवडती. वाचतेय.

इतिहासवेडी
ताई, मुंढा खाली घेतला म्हणूनच बिघडलं. ऐकायला उलटं वाटतं. पण हात वर करताना बगलेपासून कमरेपर्यंतची बाजूची शिवण ताणली जाते. मुंढा जितका खाली, तितकी ती शिवण आखूड आणि बाही झग्याला खालून बांधलेली. मुंढा बगलेत वर, छोटा आणि घट्ट ठेवला की हात स्वतंत्र फिरतो. आपण ब्लाऊजचा मुंढा घट्ट ठेवतो आणि तरी त्याच हाताने फळीवरचे डबे काढतो, ते आठवा.

तेव्हाच्या, म्हणजे मध्ययुगातल्या युरोपातल्या शिंप्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस नावाची नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची) वस्ती होती. तिथल्या दफनभूमीत 1921 साली पोल नोर्लुंड यांनी उत्खनन केलं, तेव्हा गोठलेल्या जमिनीतून लोकरीचे झगे, टोप्या, मोजे निघाले. आज ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या झग्यांचा घेर चुण्या घालून आणलेला नाही. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना लांब त्रिकोणी कळ्या जोडून आणलेला आहे. छातीला नीट बसतो, कमरेखाली सुटतो, आणि कापड जवळजवळ वाया जात नाही. तुम्हीही घेर कळ्यांनीच काढा.

एक मात्र सांगते. बाहीला चिरा देऊन आतलं पांढरं दाखवायची तऱ्हा पंधराव्या शतकाच्या शेवटाची आणि सोळाव्या शतकाची. सिनेमातलं स्कॉटलंड त्याहून बरंच जुनं वाटतं. सिनेमावाल्यांनी चार शतकं एकत्र केली आहेत. मला त्यात गैर वाटत नाही. तुम्ही मेरिडा शिवताय, संग्रहालयातली प्रतिकृती नव्हे. फक्त कुणी विचारलं तर उत्तर माहीत असावं.

माणदेशी
माझं गाव म्हसवडजवळ. शिवणातलं मला जास्त कळत नाही, पण तुमचं दुखणं वाचून आजोबांची पैरण आठवली. आमच्याकडं जुनी माणसं पैरण घालूनच मोट हाकायची, कडबा रचायची, झाडावर चढायची. तिला बगलेत एक चौकोनी तुकडा असतो, चौबगला. हात आभाळाला लावला तरी पैरण कमरेतनं हलत नाही. तुमच्या घरात एखादी जुनी असेल तर उलटी करून बघा.

इतिहासवेडी
माणदेशी, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत! तिकडच्या आतल्या पांढऱ्या सदऱ्यालाही बगलेत असाच चौकोन असायचा. सदरा सगळा सरळ चौकोनी तुकड्यांचा, म्हणून हाताला जागा द्यायला बगलेत एक चौकोन तिरका बसवायचा. दोन्हीकडच्या शिंप्यांपुढे अडचण एकच होती, म्हणून उत्तरही एकच निघालं.

सातारी_दोरा
माणदेशी दादा, तुमचे उपकार कसे मानू! आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. आजीच्या ट्रंकेत त्यांच्या दोन पैरणी निघाल्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. बगलेत चौबगला आहे, चार इंचांचा. कोपऱ्यावर उभा करून लावलेला, म्हणजे ताण उरेबात (कापडाच्या तिरक्या दिशेत) येतो आणि कापड थोडं लवतं. कोपऱ्यांवर शिंप्याने हाताने दुहेरी टाका घातला आहे. इतकी वर्षं वापरून सगळी पैरण विरलीय, ते चार कोपरे मात्र जसेच्या तसे आहेत.

आजीला विचारून कागदावर उतरवून घेतलं. पैरण मोडली नाही, नुसती मापं घेतली.

मांजरपाटाचा दुसरा नमुना शिवला. मुंढा वर, बगलेत चार बाय चारचा चौबगला, बाजूला दोन कळ्या आणि मागे एक. हात पूर्ण वर केला. पट्टा अर्धा इंचसुद्धा हलला नाही. आरशापुढे वीस वेळा हात वर-खाली केला असेल.

आता रंगाचं. बाजारात मोरपंखी म्हणून जे दाखवतात ते एक तर चकचकीत तरी असतं, नाही तर शाळेच्या गणवेशासारखं. मला त्यात डोंगराचा ओलसर काळपटपणा हवाय. स्वतः रंगवावं म्हणते. पांढरं सुती कापड आणलंय, 44 इंच पन्हा, साडेपाच मीटर. कुणी घरी रंगवलंय का?

मिरजकर
आमच्या सांगलीकडच्या माणसाला पिवळा म्हटलं की पहिली हळदच आठवते, आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ताई, झग्याला हळद नको. हळदीचा रंग उन्हात उडतो, महिन्याभरात झगा नुसता निळा होईल. डाळिंबाच्या साली घ्या. आटपाडी भागात डाळिंब भरपूर, रसवाले साली टाकून देतात. वाळवून रात्रभर भिजत घालायच्या, मग उकळायच्या. कापडाला आधी तुरटी द्यायची. मातकट, टिकाऊ पिवळा येतो.

निळ्यासाठी खरी नीळ. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात देतात ती नीळ नव्हे, झाडापासून काढलेली. गूळ आणि चुना घालून तिचं पिंप लावतात. कापड बाहेर काढलं की हिरवट पिवळं दिसतं आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळं होत जातं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुसरा हात द्यायचंच विसरून गेलो होतो.

क्रम असा ठेवा: आधी नीळ, चांगली धुऊन वाळवायची, मग तुरटी, मग डाळिंब. निळ्यावर पिवळा चढला की मोरपंखी. नीळ जास्त दिली तर रंग गडद.

इतिहासवेडी
तिकडेही हिरवा असाच काढत. वोड नावाच्या झुडपाच्या पानांतून निळा आणि वेल्ड नावाच्या रोपातून पिवळा. वोडमध्ये आणि आपल्या निळीत रंगद्रव्य तेच, फक्त वोडमध्ये ते कमी निघतं.

सातारी_दोरा
मंडळी, फार वाईट झालं. कापड रंग घेईना. तीनदा बुडवलं, प्रत्येक वेळी धुतल्यावर आकाशी डाग तेवढे उरले. दोन दिवस आणि सगळी नीळ वाया गेली. दुकानदाराने शुद्ध सुती म्हणून गळ्यात मारलं होतं आणि मी विश्वास ठेवला. रडूच आलं.

नाट्यपंढरी
ताई, रडू नका. एका कोपऱ्याचे चार धागे काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरली तर राख उडून जाते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि शेवटी काळा टणक मणी उरतो. मणी निघाला की समजा भेसळ. कापड घेण्याआधी दुकानाबाहेर ही परीक्षा करायची सवय लावून घ्या. चांगला दुकानदार नमुन्याचा तुकडा आनंदाने देतो.

सातारी_दोरा
मणीच निघाला.

मिरजकर
इचलकरंजीला माझं दर आठवड्याला जाणं असतं. सुती केंब्रिक घेऊन येतो, काडी लावून. सहा मीटर पुरेल ना? सांगलीहून साताऱ्याच्या एसटीत कुणाबरोबर तरी पाठवतो.

सातारी_दोरा
पुरेल. दादा, काय बोलू कळत नाहीये.

नाट्यपंढरी
तोवर दुसऱ्या झग्याबद्दल लिहितो, कारण उसवणारा झगा हे आमच्या कामाचंच दुखणं आहे. मी सांगलीत हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' याच गावात उभं केलं. प्रयोगात एखाद्याचं काज तुटलं की आजही मला वाटतं, या गावात तरी असं होऊ नये.

फाडायचा पोशाख कधीही खरा फाडायचा नाही. एकदा फाटला की तालीम कशी करणार? शिवणी मोकळ्या ठेवायच्या आणि आतून धरायच्या. तीन ठिकाणी: दोन्ही कोपरं आणि पाठीची मधली शिवण. कोपराला टिचबटणं चालतील. पाठीला मात्र वेल्क्रो, अर्ध्या अर्ध्या इंचाचे तुकडे, मध्ये फट सोडून. सलग पट्टी लावली तर पाठ फळीसारखी ताठ दिसते. आणि वेल्क्रो सुटताना चर्रर्र आवाज येतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. इथे तोच तर हवा आहे.

उसवल्यावर आत काय दिसेल हे आधी ठरवा. पांढरा सदरा दिसला पाहिजे, वेल्क्रोची काळी पट्टी नव्हे. पट्टी पांढरी घ्या, तिच्या कडेला सुटे धागे मुद्दाम ओढून ठेवा. कापड टू बाय टू नको, मऊ पडतं. हलकं सॅटिन घ्या आणि आतून पातळ कॅनव्हास लावा. आवळलेपण दिसलं नाही तर सुटकाही दिसणार नाही.

बाण_आणि_भाता
मी साताऱ्यात तिरंदाजी शिकते, सात वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. 2023 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने बर्लिनला कंपाऊंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून मैदानावर मुलींची रीघ लागलीय. त्यातल्या निम्म्या छोट्या मुलींना मेरिडा ठाऊक असते. त्यामुळे तुमचा झगा मला जवळचा वाटतो.

तीन गोष्टी. धनुष्य ज्या हातात धरता त्या हाताची बाही अंगाशी घट्ट हवी. सिनेमातल्यासारखं कोपराशी पांढरं कापड फुगलेलं असेल तर स्ट्रिंग सुटताना त्याला घासते, बाण भरकटतो आणि हातालाही लागतं. त्या हाताचा फुगा कोपराच्या बाहेरच्या बाजूला घ्या, आतली बाजू सपाट ठेवा. वर चामड्याचा आर्मगार्ड बांधा, तो पोशाखात शोभूनही दिसेल.

दुसरं, केस. मोकळे कुरळे केस स्ट्रिंगमध्ये अडकतात. ओढायच्या बाजूचे केस आतून क्लिपने मागे धरा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बाण न लावता धनुष्य पूर्ण ओढून सोडू नका, कुणालाही सोडू देऊ नका. बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्याच्या पात्यांत परत येते, पाती चिरतात, तुकडे उडतात. फोटोसाठी ओढायचं तर ओढा, पण दोरी हातात धरूनच सावकाश परत सोडा. मेळाव्यात लोक "जरा बघू" म्हणून धनुष्य हातात घेतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. बाणाला टोक नको, रबराचं बूच.

सातारी_दोरा
हे मला कुणीच सांगितलं नसतं. आतल्या बाजूचा फुगा काढून टाकला.

केसांचं म्हणाल तर माझे सरळ आणि खांद्यापर्यंत. सिनेमात तिच्या डोक्यावर सुमारे 1500 बटा एकेक करून घडवल्या होत्या आणि त्यांतून 1 लाख 11 हजारांवर केस तयार केले होते, असं वाचलंय. मी साठ बटांवर भागवतेय. विटकरी तांबडं गंगावन घेतलं. एकेक बट शरबताच्या नळीवर गुंडाळायची, दोरा बांधायचा, गरम पाण्यात बुडवायची, मग गार पाण्यात. नळी काढली की कुरळी बट तयार. जाडी मुद्दाम सारखी ठेवली नाही. सगळ्या बटा एकाच नळीवर केल्या की बाहुलीचे केस दिसतात.

कृष्णामाई
थंडीचं काय? जानेवारीत पहाटे निघणार असाल तर अंगावर काहीतरी हवं. झग्यावर स्वेटर घालू नका बरं का. 😊

माणदेशी
घोंगडी घ्या की! मेंढीच्या लोकरीची, काळी. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी जरा कडक असते, वापरलेली मिळाली तर मऊ. पण एक विनंती. कापू नका. आमच्याकडं घोंगडीवर बिरोबाचा भंडारा पडतो, ती कात्रीला लावत नाहीत. पावसात मेंढरं राखताना जशी खोळ करतात तशी करा. एक कोपरा आत दुमडला की डोक्यावर टोपरं तयार होतं, बाकीची पाठीवरनं पोटरीपर्यंत येते. कापायचं नाही, शिवायचं नाही.

इतिहासवेडी
आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली माणसं लोकरीचं लांबच्या लांब कापड न कापता कमरेला पट्ट्याने आवळून आणि खांद्यावर टाकून नेसत. रात्री तेच पांघरूण. त्याचे लेखी उल्लेख सोळाव्या शतकाच्या शेवटचे आहेत, पण तऱ्हा तीच. मी खोळीच्या बाजूने.

सातारी_दोरा
खोळच करणार. बाबांनी करून दाखवली, त्यांना लहानपणची आठवत होती.

कापड पोचलं, रंगलं. मिरजकर दादा, निळीचे तीन हात आणि डाळिंबाचा एक. ओलं असताना घाबरले होते, काळंच दिसत होतं. वाळल्यावर गच्चीवर नेलं. सावलीत हिरवं, उन्हात निळं. यवतेश्वरचा डोंगर पावसाळ्यात संध्याकाळी जसा दिसतो, तसा.

आता एक गोष्ट, पोशाखाचा भाग म्हणावी की नाही माहीत नाही. सिनेमात मेरिडा भांडणात तलवारीने घरचा भरतकाम केलेला पडदा मधोमध कापते, स्वतःच्या आणि आईच्या आकृतीमधून. शेवटी तोच पडदा ती स्वतः शिवते, घोड्यावर बसून, घाईघाईत, वेडेवाकडे टाके घालत. शिवण-भरताला इतकी वैतागलेली मुलगी, आणि जादूने अस्वल झालेल्या आईला वाचवायला तिच्याकडे सुई-दोऱ्याशिवाय दुसरं काही नसतं. मला तो पडदाही हातात घेऊन उभं राहायचंय.

आजीला ही गोष्ट सांगितली. आजी 78 वर्षांची, तिच्या वाकळी सगळ्या भावकीत आहेत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फाडलेलं नुसत्या धावदोऱ्यानं नाही धरत, मागनं पट्टी लावायला लागती." जुन्या धोतरावर दोन आकृत्या कापून जोडल्या, मोठी आणि लहान. मधून कापायची वेळ आली तेव्हा कात्री तिने माझ्या हातात दिली. मागून पट्टी तिने लावली, वरचे टाके मी घातले. तिचे टाके मागे आहेत, कुणाला दिसणार नाहीत.

नाट्यपंढरी
हातात धरताना पडदा मधूनमधून उलटा करा. दिसू द्या.

सातारी_दोरा
हो. करीन.

बाण_आणि_भाता
नाडीचं झालं का? पुढून की मागून बांधताय?

सातारी_दोरा
मागून. मशीनची आयलेट लावलीच नाहीत, पितळ चमकतं. दाभणाने भोक पाडून कडेने दोरा भरला. कात्रीने कापायचं नाही, धागे बाजूला सारायचे, म्हणजे भोक फाटत नाही. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न घेता अर्ध्याने खाली-वर, आणि एकच नाडी तिरकी ओवत खाली आणली. आईने बांधून दिली.

रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर गेलो, आई, आजी आणि मी. आजी गाडीतूनच वरपर्यंत आली. शिलाहार राजा भोजाच्या काळातला, बाराव्या शतकाच्या शेवटचा किल्ला, मेरिडाला परका वाटला नसता. घोंगडी काढून आईकडे दिली, धनुष्य पूर्ण ओढलं, दोरी हातातच धरून परत आणली. बगलेत काही ओढलं नाही. पट्टा जागेवर.

माणदेशी
पैरण पावली.

कृष्णामाई
ताई, आता माझीही मागणी. लेक नऊ वर्षांची आहे. छाती 26, खांदा ते पोटरी 38. कागदी नमुना द्याल का? तिच्यासाठी चौबगला किती घेऊ?

सातारी_दोरा
नक्की देते, आज रात्री लहान मापात उतरवून ठेवते. चौबगला तीन इंच, वर शिवणीला अर्धा. कोपऱ्यांवर हाताने दुहेरी टाका घालायला विसरू नका. कळ्या उंच घ्या, बरगडीपासून, म्हणजे तिला पळता येईल. आणि कापड घेताना काडीपेटी बरोबर न्या.